कुकरमधला स्पंज

सोमवारी सकाळी सहा वाजता, कामावर निघण्याआधी, ताईने टाकीवरचा दिवा लावला आणि ती वाकून बघू लागली. आजोबा पाण्याच्या पार वर आले होते. अर्धं तोंड बाहेर काढून हवा गिळत होते. एरवी दिवा लागला की ते काचेशी येऊन शेपूट हलवत खाणं मागायचे. आज त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आजोबा म्हणजे मासा. तळहाताएवढा केशरी गोल्डफिश, एका डोळ्याच्या वर पांढरा ठिपका असलेला. वय वर्षं चौदा. ताईच्या थोरल्या भावाने, दादाने, तो अंगठ्याच्या नखाएवढा असताना पिशवीतून घरी आणला होता. दादाने लग्न केलंच नाही, ताईचं झालं आणि चार वर्षांत मोडलं. तेव्हापासून तीन खोल्यांच्या त्या घरात ही दोघं भावंडं आणि तिसरे आजोबा, असा संसार चालला होता.

मागच्या बुधवारी दादाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. आत नेताना, अंगावर हिरवी चादर घातलेली असताना, त्याने ताईचं मनगट धरलं होतं. तिला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलेल.

"आजोबांना रोज चिमूटभर खाणं," तो म्हणाला. "बाकी टाकीला हात लावायचा नाही. काही म्हणजे काही करायचं नाही, चिमे."

बावन्न वर्षांच्या बाईला चिमे म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता. ताईने मान हलवली. पण हात लावायचा नाही, हे तिने नुसतं कानांनी ऐकलं होतं. तिचे हात कुठे ऐकणारे होते?

त्या हातांचं शिक्षणच वेगळं. ज्या इस्पितळात दादा पडला होता, त्याच इस्पितळाच्या तळघरात, निर्जंतुकीकरण विभागात, ताई सव्वीस वर्षं काम करत होती. वरच्या मजल्यांवरून रक्ताने माखलेले चिमटे, कात्र्या, सुया खाली यायच्या. ताई त्या धुवायची, घासायची, भिंगाखाली धरून सांधे बघायची, मग कापडात गुंडाळून, चिकटपट्टी लावून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, घालायची. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. त्या पट्टीवर फिकट रेघा असतात. वाफ पुरेशी पोचली की त्या काळ्या होतात. रेघ काळी झाली की माल वर जातो. रेघ जरा करडी राहिली तरी ताई अख्खा गठ्ठा परत आत घालायची. मग वरून सर्जन फोन करून ओरडो की आणखी कोणी.

चांगल्या झालेल्या शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी जखम पिकून माणूस गेलेला तिने पाहिला होता. एकदा नाही, बऱ्याचदा. म्हणून शनिवारी, दादा आठवड्याभरात घरी येणार असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तिला आनंदाआधी भीती वाटली. छाती उघडून शिवलेला माणूस ज्या खोलीत झोपणार, त्याच खोलीत कोपऱ्यात ती टाकी. तिने झाकण उघडून आतला फिल्टर बाहेर काढला. त्यातला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, आणि ओल्या मातीसारखा वास मारणारा. एवढी घाण, भावाच्या उशाशी.

तिने आजोबांना बादलीत ठेवलं. सगळं पाणी काढलं, काचा घासल्या, तळातले खडे मोठ्या पातेल्यात उकळले. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध, दादाने बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीप्रमाणे, थेंब मोजून घातलं. मोजण्यात तिची चूक व्हायचीच नाही. आणि स्पंज घातला प्रेशर कुकरमध्ये. घरचा कुकर म्हणजे लहानसा ऑटोक्लेव्हच, हे तिला पक्कं ठाऊक. पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून, घड्याळ लावून, बरोबर वीस मिनिटं. स्पंज बाहेर आला तो नव्यासारखा पिवळाधमक. रविवारभर टाकी अशी चमकत होती की ताईला तिच्याकडे बघून बरं वाटत होतं.

आणि सोमवारी हे.

इस्पितळाच्या कपडे बदलायच्या खोलीत, कामाची पाळी सुरू व्हायला दहा मिनिटं असताना, ताईने मोबाइलवर मासे पाळणाऱ्यांचा एक गट शोधून काढला. गटाचं नाव 'काचेतलं पाणी', सभासद अकरा हजार. स्वतःचं नाव तिने 'नवीन' असं टाकलं. गटाच्या डोक्यावर एक लांबलचक सूचना टाचलेली होती: नवीन लोकांनी आधी हे बेचाळीस मुद्दे वाचावेत, फोटोशिवाय प्रश्न विचारू नये. ताईने पाच मुद्दे वाचले आणि घड्याळ पाहिलं. मग तिने सरळ लिहिलं. मासा हवा गिळतोय. शनिवारी टाकी पूर्ण साफ केली. स्पंज कुकरमध्ये वीस मिनिटं शिजवला. कृपया काय करू ते सांगा.

फोटो तिने टाकला नाही. आपलं घर अकरा हजार लोकांना कशाला दाखवायचं?

पहिलं उत्तर मिनिटभरात आलं: 'आधी टाचलेली सूचना वाचा.' दुसरं: 'याच आठवड्यातला हा तिसरा प्रश्न. लोक वाचत का नाहीत?' तिसऱ्याने नुसतेच हसून डोळ्यांतून पाणी आलेले चार चेहरे टाकले. चौथा म्हणाला, 'कप्तान, बघा, तुमच्यासाठी गिऱ्हाईक आलंय.'

आणि मग तो कप्तान आला.

'बाई, तुम्ही मासा पाळलाच नव्हता, शिजवायला घेतला होता. त्या स्पंजात जे जिवाणू राहत होते तेच तुमच्या माशाची घाण पचवून त्याला जगवत होते. ते सगळे तुम्ही मारलेत. आता मासा स्वतःच्याच मुतात गुदमरणार. पुढच्या वेळी प्लास्टिकचं फूल आणा. धुताही येतं.'

त्याखाली पंचेचाळीस लोकांनी अंगठे वर केले होते.

ताई बाकावर बसली. सव्वीस वर्षं जे मारायचा पगार घेतला, ते कुठेतरी कोणाला जगवत असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तो मासा आपल्या हाताने मेला तर दादाला काय तोंड दाखवणार? डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर त्यांच्या कानावर धक्कादायक काही घालू नका. चौदा वर्षं सांभाळलेला जीव बहिणीने कुकर लावून मारला, याहून मोठा धक्का कोणता असणार?

दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. दादा उशीला टेकून बसला होता. छातीशी एक छोटी उशी घट्ट धरलेली. खोकला किंवा हसू आलं की ती दाबायची असते, नाहीतर टाके ओढतात. बोटाला चिमटा लावलेला, आणि शेजारच्या यंत्रावर नाडीचा आकडा: ऐंशी.

"ये, बस," तो म्हणाला. "बरं झालं आलीस. तुला एक गंमत वाचून दाखवतो. आमच्या गटावर आज एक बाई आल्येय."

ताईने डब्याचं झाकण उघडता उघडता तसंच ठेवलं.

"मासा हवा गिळतोय म्हणते. का, तर हिने टाकी धुतली. स्पंज कुठे धुवावा? कुकरमध्ये." दादाने उशी छातीवर दाबली आणि हसला. "वीस मिनिटं. बटाटे उकडायला ठेवले होते जणू. मी म्हटलं, बाई, प्लास्टिकचं फूल आणा."

"तू म्हणालास?"

"मग कोण? कप्तान म्हणतात मला तिथे."

"तू समुद्र तरी बघितलायस का कधी?"

"टाकीला कप्तान लागत नाही का?"

ताई त्याच्याकडे बघत राहिली. हा तिचा भाऊ. सरकारी वजनमापे कार्यालयात एकतीस वर्षं दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारले, पण साहेबापुढे कधी आवाज चढवला नाही. दूधवाल्याने पाणी घातलं तरी ताईला म्हणायचा, तूच सांग. आणि तिथे त्या काचेच्या जगात अकरा हजार माणसं ह्याला टरकून होती. हा घरातलाच माणूस तिला क्षणभर परका वाटला, आणि आपणच चोर आहोत या जाणिवेने तिने डब्याचं झाकण पुन्हा लावून टाकलं.

"हसत नाहीस तू," दादा म्हणाला.

"हसतेय की. पण दादा, तिने आता करायचं काय?"

"टाचलेली सूचना वाचायची. मीच लिहिल्येय ती. सगळं आहे त्यात."

"ती घाबरली असेल रे. बेचाळीस मुद्दे कोण वाचत बसेल."

"घाबरायचं आधी, मग करायचं. ही माणसं करून झाल्यावर घाबरतात."

"मला सांग. मला आपलं ऐकायचंय."

आणि दादाने सांगितलं. गटावर चार ओळींत ज्याने फाडून खाल्लं होतं, तो आता बोटांनी चादरीवर टाकी काढून, फिल्टर कुठे, पाणी कसं फिरतं, हे शाळेतल्या पोराला सांगावं तसं समजावत होता. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो. तो जाळतो, कल्ले आतून होरपळतात. जिवाणू नसले तर माणसाने स्वतः जिवाणू व्हायचं: रोज अर्धं पाणी काढून तेवढंच ताजं घालायचं, तेही टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट करून, औषध घालून. खाणं बंद. हवेचा पंप जोरात. आणि परीक्षानळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात चाचणीच्या औषधाचे थेंब टाकून बघायचं, पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर वाईट. ताईने खिशातल्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर हे सगळं बारीक अक्षरात उतरवून घेतलं.

"लिहून काय घेतेस?"

"आपली टाकी आहे ना. कळायला नको?"

"शाब्बास. सगळे असे विचारतील तर मी कशाला चिडेन?" तो खूश झाला. "आजोबा कसे आहेत?"

"मजेत."

"एक फोटो काढून आण उद्या. बघावंसं वाटतंय."

ताईने पट्टीचा तुकडा खिशात घातला. "मोबाइलचा कॅमेरा धुरकट झालाय रे. बघते."

त्या दिवशी घरी पोचल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. दादाच्या खणातल्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, पाच मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली. पाणी गर्द हिरवं झालं. तिच्या धंद्यात रंग बदलला की जीव भांड्यात पडायचा. इथे उलटंच. तिने अर्धं पाणी बदललं, आणि आजोबा थोडे खाली आले. मंगळवारी ते टाकीच्या मधोमध होते. ताईला वाटलं, निभावलं.

बुधवारी सकाळी ते तळाशी एका कुशीला टेकून पडले होते. परांच्या कडा लाल झाल्या होत्या, घासून रक्त यावं तशा. ताईने गुडघ्यांवर बसून कल्ल्यांची उघडझाप मोजली: मिनिटाला एकशे तीस. तिने गटावर पुन्हा लिहिलं, पर लाल झालेत, रोज पाणी बदलते आहे, आता काय? उत्तर कप्तानाचंच आलं. 'तीन दिवस फोटो मागतो आहे. मासा आहे तरी का? की नुसतीच सहानुभूती हवी?'

खाली कोणीतरी लिहिलं, 'मेला असेल कधीच.'

ताईने फोटो काढला. कॅमेरा ठणठणीत होता. त्यात आजोबांच्या डोळ्यावरचा पांढरा ठिपका असा स्पष्ट आला की जगातल्या कोणालाही चकवता आलं असतं, दादाला नाही. गटावर टाकावा तर दादा एकटा, हातात मोबाइल घेऊन, अचानक बघणार. न टाकावा तर मासा जाणार. आणि मासा गेला तर दादा शनिवारी घरी येऊन रिकामी टाकी बघणार.

दुपारी ती तिसऱ्या मजल्यावर गेली, पण खोलीत न जाता आधी सिस्टरच्या टेबलाशी थांबली. ही सिस्टर तरुण आणि तोंडाची फटकळ. ताईच्या गठ्ठ्यातली पट्टी नीट चिकटलेली नाही म्हणून एकदा तिने तिच्याशी भांडणही काढलं होतं.

"सिस्टर, माझ्या भावाला एक वाईट बातमी सांगायची आहे. चालेल का?"

"कसली बातमी?"

"आजोबा अत्यवस्थ आहेत."

सिस्टरने पेन खाली ठेवलं. "अगं बाई. तुमचे आजोबा आहेत अजून? वय काय?"

"चौदा."

सिस्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, जेवलात का तुम्ही आज?"

"मासा आहे तो. घरचा मासा. पण भावाचा जीव आहे त्याच्यावर. सांगताना काही झालं तर?"

सिस्टर हसली नाही, हे ताईला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. ती उठली, म्हणाली, "मी दाराशी उभी राहते. नाडी एकशे वीसच्या वर गेली की मी आत येणार आणि तुम्ही बाहेर जायचं. आणि त्यांना आधी उशी धरायला सांगा."

ताई आत गेली. "दादा, उशी धर."

"खोकला नाहीये मला."

"तरी धर."

त्याने धरली. ताईने त्याच्यापुढे मोबाइल केला आणि स्वतः यंत्राकडे बघू लागली, कारण त्याच्या तोंडाकडे बघायची तिची छाती नव्हती. ब्याऐंशी. ब्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. शहाण्णव.

"हे कधीचं?" दादाचा आवाज फार हळू होता.

"आज सकाळचं. ती बाई मीच, दादा. 'नवीन'. खोली स्वच्छ करायला गेले. तुझ्या जखमेला काही व्हायला नको म्हणून."

एकशे चार. एकशे नऊ. दारातली सिस्टर एक पाऊल आत आली.

"कुकर म्हटलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं," दादा शेवटी म्हणाला. "वीस मिनिटं घड्याळ लावून आणखी कोण मोजणार?" त्याने डोळे मिटले. उशीवरची बोटं पांढरी पडली होती. "सोमवारी मी तुला वाचून दाखवलं. तू इथे, ह्या खुर्चीवर होतीस."

"हो."

"आणि मी काय म्हणालो होतो?"

"प्लास्टिकचं फूल."

मग त्याने डोळे उघडले आणि एकेक प्रश्न विचारायला लागला. आज पाणी किती बदललंस? रंग कुठला आला? पंप कुठल्या बाजूला आहे? प्रत्येक उत्तराला तो नुसतं हं म्हणत होता, आणि आकडा अगदी हळूहळू, एकेकाने, खाली उतरत होता. सिस्टर निघून गेली.

"नुसत्या पाण्याने आता भागणार नाही," तो म्हणाला. "जिवंत स्पंज हवा. दुसऱ्याच्या जुन्या टाकीतला, ओलाच्या ओला. आजच्या आज."

"कोणाकडे मिळेल?"

दादाने खिडकीकडे तोंड केलं. "गटातली माणसं लांबलांबची. इथे गावात एकच होता. बाजाराच्या वळणावरचा चष्मेवाला."

"होता म्हणजे?"

"तीन वर्षांपूर्वी आला होता गटात. एक प्रश्न विचारला बिचाऱ्याने. मासा खडे तोंडात घेऊन परत का थुंकतो? मी म्हटलं, तुमच्या हातचं खाण्यापेक्षा त्याला दगड बरे वाटत असतील. तीनशे लोक हसले. तो भांडला, मी त्याला काढून टाकलं." तो थांबला. "त्याचे मासे अजून आहेत, दुकानाच्या काचेतून दिसतात. मी समोरच्या फुटपाथवरून जातो."

"फोन कर त्याला."

"मी?" दादा तिच्याकडे असा बघायला लागला की ताईला आठवलं, लहानपणी अंधाऱ्या जिन्यावर हाच तिला पुढे घालायचा. "तो माझं ऐकेल का, चिमे? तू जा. माझं नाव सांगू नकोस."

"नाव सांगितल्याशिवाय मी नाही जाणार," ताई म्हणाली. "दोन दिवस नाव लपवून बघितलं मी."

चष्मेवाल्याचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली होती. भिंतीभर चौकटी, आणि मागे भिंग घासायचं चाक. त्या चाकाच्या डोक्यावर, फळीवर, एक टाकी: हिरवट पाणी, शेवाळलेली काच, आणि त्यात सहा धष्टपुष्ट मासे. ताईच्या डोळ्यांना ती टाकी घाणेरडी दिसली आणि दुसऱ्याच क्षणी तिचा हेवा वाटला. चष्मेवाला साठीचा, सडपातळ, कपाळावर भिंग चढवलेला. ताईने एका दमात सगळं सांगितलं. कुकर, पर, भाऊ, कप्तान.

कप्तान म्हटल्याबरोबर चाक थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. तो काचेची कड घासत राहिला. ताई उभीच. दुकानात दुसरी खुर्ची होती, पण बसा कोणी म्हटलं नाही. घड्याळात पावणेपाच झाले, मग पाच. आजोबा एका कुशीवर पडलेले तिला दिसत होते आणि ओरडावंसं वाटत होतं, पण आपण मागायला आलोय.

"खड्याला चिकटलेलं खाणं चोखून घेतात ते," चष्मेवाला अचानक म्हणाला. "खडा नको असतो, म्हणून थुंकतात. एवढंच होतं उत्तर. एका ओळीचं. मला ते पुस्तकातून शोधायला महिना लागला."

"त्याला माहीत होतं," ताई म्हणाली.

"तेच तर. माहीत असून दिलं नाही." त्याने भिंग उजेडात धरलं. "कशाने आजारी पडलेत कप्तान?"

"हृदय. तीन ठिकाणी जोड दिलेत."

"त्यांनी पाठवलं तुम्हाला?"

"नाव सांगू नको म्हणून पाठवलं. मी सांगितलं."

चष्मेवाल्याच्या तोंडावर हसू आलं की नुसतीच सुरकुती हलली, ते ताईला कळलं नाही. "एका गिऱ्हाइकाला सहाला चष्मा द्यायचाय. मग येतो. पत्ता लिहून ठेवा."

"स्पंज ओला राहायला हवा हं. त्याच टाकीतल्या पाण्यात—"

"माहीत आहे," तो म्हणाला. "तेही वाचलंय मी."

ती घरी आली. सहा वाजले. सव्वासहा. येतो म्हणणं आणि येणं यांत किती अंतर असतं हे तिला एका लग्नात कळून चुकलं होतं. आजोबांचे कल्ले आता एकशे चाळीस. साडेसहाला दादाचा फोन आला, चेहरा दिसणारा. "आला का?" नाही. सिस्टरने मोबाइल जेवणाच्या टेबलाला टेकवून दिला होता, मागून तिचाच आवाज आला, "काका, हात खाली, नळी ओढली जातेय." ताईने आपला मोबाइल टाकीसमोर डब्याला टेकवून ठेवला. दादाने आजोबांना पाहिलं. दोघंही दाराकडे कान लावून बसली, एक इथे, एक तिसऱ्या मजल्यावर.

सातला पाच कमी असताना घंटा वाजली.

चष्मेवाल्याच्या हातात झाकणाची बरणी होती. त्याने चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि टाकीसमोर उभा राहिला. मोबाइलमधला दादा त्याला दिसला, दादाला तो दिसला. नमस्कार कोणीच केला नाही.

"झाकण डावीकडून उघडतं," दादा म्हणाला.

"दिसतंय मला," चष्मेवाला म्हणाला. "चष्म्याचंच दुकान आहे."

त्याने बरणीतून स्पंजाचा तुकडा काढला. तपकिरी, बुळबुळीत, ओल्या मातीच्या वासाचा. ताईच्या शनिवारच्या डोळ्यांनी तो लगेच ओळखला. त्याने तो टाकीवर धरून पिळला आणि चहाच्या गाळासारखं गढूळ पाणी त्या लखलखीत टाकीत ढगासारखं पसरत आजोबांवर उतरलं. ताईचे हात आपोआप पुढे झाले. तिने ते मागे घेऊन पदरात गुंडाळले आणि बघत राहिली. मग त्याने उरलेला तुकडा फिल्टरमध्ये, तिच्या त्या पिवळ्याधमक स्पंजाला चिकटवून बसवला आणि बटण दाबलं. पाणी फिरायला लागलं.

"आता?" दादाने विचारलं. तो आवाज कप्तानाचा नव्हता. ताईने सोमवारी सकाळी कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहिलं तेव्हा तिच्या मनात जो होता, अगदी तोच होता.

"आता थांबायचं."

"किती वेळ? जगेल ना तो?"

चष्मेवाल्याने हात पुसले. त्याने मोबाइलकडे पाहिलं, बराच वेळ, आणि ताईला वाटलं आता हा तीन वर्षांचं सगळं परत करणार. पण तो खाली वाकला, त्याने कपाळावरचं भिंग डोळ्यांवर ओढलं आणि काचेला नाक लावून आजोबांचे पर एकेक करून पाहिले.

"शेपटीचं मूळ अजून स्वच्छ आहे," तो म्हणाला. "हे चांगलं. पण खात्री नाही देता येणार. आजची रात्र आणि उद्याचा दिवस काढला तर बोलू. मी उद्या दुपारी येऊन जाईन." मग जरा थांबून, "तुम्ही दुखणाईत आहात, सारखं फोनवर बसू नका. ताई मोजतील आणि सांगतील."

दादाने मान हलवली. चष्मेवाला बरणी तिथेच ठेवून गेला.

ताई खुर्ची ओढून टाकीजवळ बसली, मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं आणि मोठ्याने मोजायला लागली, म्हणजे तिकडे ऐकू जावं. मिनिट संपलं.

"एकशे अडतीस."

"परत मोज," दादा म्हणाला.

तिने परत मोजलं.